कंप्युटरवरून आप्पांचं नाव कमी केल्याचं कळलं, त्या दिवशी

मी तापट आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे त्या दिवशी मी कुणाला काय काय बोलले ते पुढं वाचताना धक्का बसायला नको. माहेरी सगळे म्हणायचे, हिच्या जिभेला लगाम नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, लगाम काही आला नाही.

सकाळी साडेदहाला लेकीच्या मोबाईलवर मेसेज आला. ती नुकतीच पशुवैद्यकीय कॉलेजला लागली होती. म्हणजे लागली असं सांगून आम्ही गल्लीभर पेढे वाटले होते, पण जागा अजून कच्ची होती. आम्ही धनगर. राखीव जागा पक्की व्हायची तर जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि आमच्या अर्जात त्रुटी निघाली होती. पणजोबांच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा जोडा, आज संध्याकाळी पाचपर्यंत. खरं तर हेच पत्र ईमेलवर येऊन आठ दिवस झाले होते. आम्ही कोण रोज ईमेल बघतोय! मोबाईलवर आली ती शेवटची आठवण होती.

लेक पांढरीफटक पडली. म्हणाली, "आई, जागा गेली."

"जाती कशी? मशीनमध्ये हाय की!" मी म्हणाले.

हे वाक्य माझं नाही. माझ्या सासऱ्यांचं. त्यांना घरात सगळेच आप्पा म्हणायचे, मीही. आप्पा प्राथमिक शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झाले. त्यांच्या वडलांनी जन्मभर सांगोल्याच्या पल्याड मेंढरं राखली, पण लहानपणी काही महिने ते गावच्या शाळेत जाऊन बसले होते, आणि तेवढ्यानं जुन्या रजिस्टरात त्यांची एक ओळ लिहिली गेली होती. जात त्याच ओळीत. आप्पांनी स्वतः गावी खेपा घालून त्या ओळीचा सही-शिक्क्याचा उतारा आणला, स्कॅन केला आणि पिशवीत घालून माळ्यावर ठेवला. पुढं माळा गळला आणि पिशवीतल्या सगळ्या कागदांचा लगदा झाला. मी कपाळाला हात लावून बसले होते, आणि आप्पा मात्र चहा ओतून घेत म्हणाले, "काळजी कशाला करतीस? मशीनमध्ये हाय की."

मशीन म्हणजे कंप्युटर. तो खाली, थोरल्या भावजींच्या बाहेरच्या खोलीत. आमचं घर वर-खाली आहे. खाली थोरले भावजी, जाऊबाई आणि सासूबाई, वर आम्ही. आमचे हे करमाळ्याला नोकरीला, शनिवारी येतात. आप्पांनी दुरुस्तीवाल्याला बोलवून खालच्या खिडकीतनं वरच्या खिडकीत निळी वायर ओढून घेतली होती, आणि माझ्या लॅपटॉपवर खालचं एक फोल्डर दिसेल अशी सोय करून घेतली होती. फोल्डरचं नाव 'कागद'. घरातल्या प्रत्येकाचा जन्मदाखला, मार्कशीट, सातबारा, जे म्हणाल ते त्यात. उघडताना आप्पांचं नाव आणि पासवर्ड टाकायचा. दोन्ही एका चिठ्ठीवर, त्यांच्या मास्तरी अक्षरात, माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले. आप्पा जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. त्या सहा महिन्यांत मी ते फोल्डर एकदाही उघडलं नव्हतं.

तर चिठ्ठी बघून नाव टाकलं, पासवर्ड टाकला. लॅपटॉप म्हणाला, नाव किंवा पासवर्ड चुकीचा.

परत टाकला. चुकीचा. लेक म्हणाली, "कॅपिटल चालू असेल." नव्हतं. एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाकलं. चुकीचा. मी एका कॉलेजच्या ऑफिसात बारा वर्षं कंप्युटरवर बसते, आजच नेमकी रजा होती. अशा गोष्टीत घाबरायचं नसतं हे मला कळतं. ऑफिसात दुसऱ्याचं बिघडलं की मी अगदी शहाण्यासारखी सांगते, आधी वायर बघा, मग राउटर बघा, मग बंद करून चालू करा. पण ते दुसऱ्याचं असतं. इथं माझ्या पोरीचं होतं.

वायर बघितली. खिडकीत कावळ्यानं टोचलेली वगैरे नव्हती. राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. खालचा कंप्युटर लॅपटॉपला दिसत होता, आवाज दिला तर उत्तरही देत होता. म्हणजे रस्ता मोकळा होता, दारही होतं. फक्त दारावरचा माणूस आम्हाला ओळखत नव्हता. अकरा वाजून गेले होते.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात जाऊबाई आल्या.

आप्पांच्या तेराव्यानंतर जाऊबाईंनी कंप्युटरवर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "ह्याला कुणी हात लावायचा न्हाय." कुणी म्हणजे कोण, हे मला बरोबर कळलं होतं. तेव्हापासून आमचं बोलणं मीठ-साखरेपुरतं. मी लेकीला म्हणाले, "पासवर्ड बदललाय तुझ्या काकूनं. मुद्दाम! माझी पोरगी डॉक्टर होणार ते बघवत नाही त्यांना."

"गुरांची डॉक्टर, आई."

"तेच ते!"

जाऊबाई त्या दिवशी मोहोळला माहेरी गेल्या होत्या, भाच्याचं बारसं होतं. मी फोन लावला. पलीकडं पाळण्याची गाणी चालली होती. मी सरळ विचारलं, "अक्का, मशीनचा पासवर्ड का बदलला?"

"कसला पासवर्ड?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नका. संध्याकाळी पाचपर्यंत कागद गेला नाही तर माझ्या पोरीची जागा जाणार आहे. तुम्हाला हेच पाहिजे होतं ना?"

गाणी चालूच होती. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, मला त्ये मशीन चालू कसं करायचं त्ये बी येत न्हाय. कव्हर घातलं त्ये धूळ बसती म्हणून. मामंजींच्या हातची वस्तू हाय ती." आणि फोन ठेवला.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझं झालं होतं. पण तेव्हा लाज वाटायलाही वेळ नव्हता. मी लेकीला घेऊन खाली गेले.

खाली सासूबाई एकट्याच होत्या, शेंगा फोडत बसलेल्या. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. मी कव्हर काढलं. भावजी रोज सकाळी चालू करून ठेवतात, तसा कंप्युटर चालूच होता; तोही बंद करून परत चालू केला. हे आप्पांचं मशीन जुनं, चालू व्हायला भाकरी थापून होईल एवढा वेळ लावतं. नेहमी शेवटी पडद्यावर आप्पांचं नाव यायचं आणि शेजारी पिवळ्या फुलाचं चित्र. त्या दिवशी पडदा उजळला आणि नाव आलं थोरल्या भावजींचं. एकच नाव. आप्पांचं नव्हतंच.

"आत्या, आप्पांचं नाव कुठं गेलं ह्यातनं?"

आत्यांनी शेंगा फोडता फोडता मान वर केली. "थोरल्यानं कमी केलं की."

"कमी केलं म्हणजे?"

"म्हंजी कमी केलं. मानूस गेल्यावर नाव कमी करत्यात की न्हाय? यादी केलीया त्यानं. त्या कॅलेंडरच्या मागं बघ."

कॅलेंडरच्या मागं पुठ्ठ्याचा तुकडा खोचलेला होता. भावजी सरकारी कचेरीत कारकून. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांची नावं कमी-जास्त करत आलेले. पुठ्ठ्यावर खालोखाल लिहिलं होतं: रेशनकार्ड, गॅस, लाईटबिल, पेन्शन, सातबारा, मतदार यादी, कंप्युटर. प्रत्येकापुढं तांबड्या पेनानं बरोबरची खूण. मृत्यूचा दाखला जिथं जिथं दाखवायचा तिथं भावजींनी दाखवला होता, आणि मशीनमध्ये दाखला मागत नाहीत म्हणून तिथं नुसतं बटण दाबलं होतं.

कंप्युटरवरून माणूस काढला की मशीन विचारतं, त्याच्या फाईली ठेवायच्या का पुसायच्या. ऑफिसात एकदा सोडून गेलेल्या क्लार्कचं नाव काढताना आमच्याकडून सगळं पुसलं गेलं होतं, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. लेकीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला न सांगता कळलं. ती आत्यांच्या शेजारी जाऊन खाली बसली आणि शेंगा सोलायला लागली. ती ओरडली असती, रडली असती, तर मला बरं वाटलं असतं.

भावजींना फोन करायचा म्हणजे एक प्रश्नच. मी मोठ्या दिराशी थेट असं कधी बोलत नाही. जेवायला वाढलंय एवढं सांगायचं तरी जाऊबाईंमार्फत. आणि आज तर जाऊबाईंनाच बोलून बसले होते. तरी लावला. उचलला नाही. पाच वेळा लावला. मग दीडपर्यंत मी त्या पासवर्ड मागणाऱ्या पडद्यासमोर बसून जमतील तेवढे पासवर्ड टाकत बसले, भावजींचं नाव, त्यांच्या गाडीचा नंबर, आत्यांचं माहेरचं नाव. मेलं मशीन दर वेळी तेच सांगायचं. बाहेर ऊन असं होतं की खिडकीची सळई हाताला भाजत होती.

पावणेतीनला त्यांचाच फोन आला. "अगं, तुझ्या अक्काचा... म्हणजे आमच्या हिचा फोन आला होता मोहोळवरनं. म्हणाली, काय असंल त्ये सोडून आधी धाकटीला फोन करा, पोरीचं अडलंय."

म्हणजे मी एवढं बोलूनही जाऊबाई बारसं सोडून नवऱ्याला फोन लावत बसल्या होत्या. मी एवढंच विचारलं, "भावजी, आप्पांचं नाव काढलंत तेव्हा मशीननं काही विचारलं होतं का? फाईली ठेवायच्या का पुसायच्या?"

मागं कुणीतरी त्यांना सही मागत होतं.

"विचारलं होतं काहीतरी. इंग्रजीत. मी दाबलं एक."

"कुठलं?"

"आठवत न्हाय गं." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "गेलेल्या माणसाचं नाव तसंच ठेवायचं बरं का? रोज सकाळी चालू केलं की 'या आप्पा' म्हणतंय त्ये मशीन. आई समोर बसलेली. मला बघवंना. म्हणून कमी केलं."

मला राग यायला पाहिजे होता. मला रडू आलं. पण घड्याळ समोरच होतं, म्हणून नाक ओढून विचारलं, "तुमचा पासवर्ड सांगा."

"आप्पांचाच हाय. त्यो न्हाय बदलला. त्येला हात धजला न्हाय."

चिठ्ठी माझ्या हातातच होती. सकाळपासून मी ती धरून बसले होते, घामानं शाई पसरलेली. तोच पासवर्ड भावजींच्या नावापुढं टाकला आणि मशीन उघडलं. काखेत कळसा!

आता दुसरी काळजी. आप्पांची डेस्कटॉपवरची चित्रं, त्यांचे पोथ्यांचे स्कॅन, काही नव्हतं. सगळं पुसलेलं. लेक उठून माझ्या मागं उभी राहिली, तिचा हात माझ्या खांद्यावर, थंडगार. मी दुसऱ्या ड्राईव्हवर गेले. आणि तिथं 'कागद' होतं. दुरुस्तीवाल्यानं ते वेगळ्या ड्राईव्हवर ठेवलं होतं म्हणून वाचलं, देव त्याचं भलं करो. मी टिचकी मारली. मशीन म्हणालं, हे फोल्डर उघडायची तुम्हाला परवानगी नाही.

"आता गं बया!" मी जवळजवळ किंचाळलेच.

आत्या म्हणाल्या, "काय झालं?"

"आहे, पण उघडू देत नाही."

"त्येंनी कुलूप घातलं आसंल. ह्येंना सवयच ती. साखरंच्या डब्याला बी घालायचे."

आत्यांचं खरं होतं. आप्पांना भीती होती की नातवंडं खेळता खेळता काहीतरी पुसतील. म्हणून त्यांनी दुरुस्तीवाल्याला सांगून असं करून घेतलं होतं की हे फोल्डर एकट्या आप्पांनाच उघडावं. वरून मी उघडायचे तीही आप्पाच होऊन उघडायचे. आणि आप्पांना तर आम्ही मशीनमधून काढून टाकलं होतं. ज्याच्या नावावर किल्ली, तो माणूसच नाही.

साडेतीन झाले होते. मी फोल्डरवर उजवं बटण दाबून आत शिरले, जिथं कुणाला काय परवानगी ते लिहिलेलं असतं. मालकाच्या जागी मशीननं लिहिलं होतं, मालक दाखवता येत नाही. त्याच्या शेजारी 'बदला' असं बटण. मी ते दाबायला गेले आणि हात थांबला. चुकीचं काही दाबलं आणि हेही पुसलं गेलं तर? भावजींनी एक बटण दाबलं आणि अर्धं गेलं. दुसरं मी दाबायचं? मी एवढी फटकळ बाई, पण त्या बटणासमोर पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

"दाब आई," लेक म्हणाली. "नाही दाबलं तरी जाणारच आहे."

दाबलं. मालक म्हणून भावजींचं नाव घातलं, थोरले तेच आहेत. बंद करून परत उघडलं. आता परवानगीची यादी दिसली. यादीत एकच ओळ होती. अनोळखी खातं, असं काहीतरी इंग्रजीत, पुढं एक प्रश्नचिन्ह, आणि त्याच्यापुढं हातभर लांब आकडा.

"हे काय?" मी म्हणाले.

लेकीनं वाकून बघितलं. तिला ते माझ्याआधी कळलं. ती हळूच म्हणाली, "आई, हे आजोबा आहेत."

नाव काढून टाकलं होतं, पण फोल्डरनं आकडा सोडला नव्हता. सहा महिने ते त्या आकड्याशिवाय दुसऱ्या कुणालाही दार उघडत नव्हतं. आप्पांनी जसं सांगितलं होतं तसंच. मी पदरानं डोळे पुसले आणि त्या ओळीखाली भावजींची ओळ घातली, सगळी परवानगी दिली, हो म्हटलं. पडद्यावर एकामागून एक फाईलींची नावं पळायला लागली. मी मोजत नव्हते, नुसती प्रार्थना करत होते की लाईट जाऊ नये. आमच्या भागात दुपारी कधी जाईल भरवसा नाही.

लाईट गेली नाही. फोल्डर उघडलं. 'वडिलांची शाळेतील नोंद', आप्पांनी मराठीत नाव दिलेलं, अगदी फळ्यावर लिहावं तसं. उघडलं तर पिवळा कागद, कडेला धरलेल्या आप्पांच्या अंगठ्यासकट स्कॅन झालेला. नाव. जात, हिंदू धनगर. लेकीनं तो तिथूनच जोडला. चार वाजून बावीस मिनिटांनी 'मिळाले' असं आलं. ती माझ्या गळ्यात पडली आणि मग रडली, सकाळपासूनचं. आत्या म्हणत होत्या, "रडती कशाला गं? हाय न्हवं सगळं?"

जाऊबाई संध्याकाळी आल्या त्या बारशाच्या घुगऱ्या घेऊन. मी दारातच त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी मला वरच्यावर धरलं आणि म्हणाल्या, "नाटकं नगं. कागद गेला का?" मी म्हटलं गेला. "मग झालं की." आणि माझ्या हातात घुगऱ्या दिल्या. तेवढ्यानं मिटलं असं मी म्हणणार नाही. मी बोलले ते बोलले, त्या विसरल्या नाहीत, मीही नाही. पण बोलणं आता मीठ-साखरेच्या पुढं गेलंय.

भावजी आले ते चप्पल न काढताच कंप्युटरसमोर उभे राहिले. लेकीनं त्यांना तो कागद दाखवला. त्यांनी तो आधी कधीच नीट वाचला नव्हता, त्यांच्या सख्ख्या आज्याचा असून. चष्मा लावून वाचत वाचत शेवटच्या रकान्याशी थांबले. शाळा सोडण्याचे कारण. तिथं त्या काळच्या कुणा मास्तरानं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवलेलं होतं: मेंढरांमागे जाणे.

भावजींनी ते दोनदा वाचलं. मग पुतणीकडं बघितलं. "आज्जा शाळा सोडून मेंढरामागं गेला," ते म्हणाले, "आन् तू शाळा शिकून मेंढराकडंच निगाली व्हय गं?" ते हसले, पण हसू नीट पुरं झालं नाही.

मग त्यांनी विचारलं, "आप्पांचं नाव परत घालता येतं का ह्यात?"

लेक म्हणाली, "घालता येतं, काका. पण नाव तेच दिलं तरी मशीन नवा आकडा देतं. फोल्डर त्याला ओळखणार नाही. आजोबांचा आकडा हा एवढाच." आणि तिनं ती यादी उघडून दाखवली. वर प्रश्नचिन्हाची ओळ, खाली भावजींची. "ही वरची आता कशाला लागत नाही. काढायचं बटण आहे इथं. काढू?"

भावजींनी कॅलेंडरमागचा पुठ्ठा ओढून काढला, खिशातलं तांबडं पेन घेतलं आणि कंप्युटरपुढची बरोबरची खूण गिरवून गिरवून खोडली, पुठ्ठ्याला भोक पडेपर्यंत.

"हात लावू नगंस त्येला," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे तितं."